मुदतीच्या आतली बातमी

१९६६ सालच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या दीडशेव्या कलमात एक तरतूद आहे, ती मोठ्या समंजस बुद्धीने लिहिलेली आहे. गावातील एखादी जमीन खरेदीने, वारसाने, वाटणीने किंवा गहाणाने एका नावावरून दुसऱ्या नावावर चढावयाची झाली आणि तलाठ्याने तशी नोंद फेरफाराच्या वहीत केली, की त्याच वेळी त्या नोंदीची संपूर्ण प्रत त्याने चावडीत ठळक जागी लावली पाहिजे, आणि दप्तरावरून ज्या ज्या माणसाचा त्या जमिनीशी संबंध दिसतो त्या प्रत्येकाला लेखी इत्तिला दिली पाहिजे, असे हे कलम सांगते. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. ती टळली आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, की पुढे प्रांतांकडे अपील, तारखा, वकील आणि वर्षे. ज्या बहिणीचे नाव वारसाच्या नोंदीतून गळले ती त्या पंधरा दिवसांत गावात असेल, किंवा तिला कोणी कळवील, तर काम एका साध्या अर्जावर भागते. तिला ते सोळाव्या दिवशी कळले, तर तिच्या वाट्याची जमीन मिळवण्यासाठी तिला कज्जा लढवावा लागतो.

कायदा लिहिणाऱ्यांनी येथे तीन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. वार्ता सर्वांना दिसेल अशा जागी असावी, जिचा तिच्याशी संबंध आहे त्या व्यक्तीच्या हातात ती स्वतंत्रपणे पडावी, आणि काही करता येण्याजोगा अवधी शिल्लक असतानाच पडावी. नोकरीची जाहिरात असो, पावसाचा इशारा असो, वा ग्रामसभेची नोटीस असो, सरकारने प्रजेला कळवावयाच्या प्रत्येक गोष्टीला ही तिहेरी कसोटी लावता येते. आणि ती लावून पाहिली असता असे आढळते, की आपल्या राज्यात माहितीचा तुटवडा आता राहिलेला नाही, परंतु ती मुदतीच्या आत योग्य माणसाच्या दारात नेऊन पोहोचवण्याची जबाबदारी मात्र हळूहळू कोणाचीच उरलेली नाही. शासन ती संकेतस्थळावर ठेवते आणि आपल्या कर्तव्यातून मोकळे होते. ती तेथे आहे हे समजण्याचे, तेथे जाण्याचे, तिचा अर्थ लावण्याचे आणि तारखेच्या आत धावपळ करण्याचे सारे ओझे नागरिकावर येऊन पडते. या लेखात मला सांगावयाचे आहे ते एवढेच, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते.

पूर्वी हे ओझे सरकारच्या बाजूला होते, हे सांगताना जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. जुनी व्यवस्था तोकडी होती आणि तिच्यात जातीपातीचे अडसरही होते. गावाच्या कडेला राहणाऱ्यांपर्यंत प्रत्येक हाक पोहोचतच असे, असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु दवंडीची रीत बारकाईने पाहावी. कोतवाल हलगी किंवा डफ घेऊन निघे तो बहुधा दिवेलागणीच्या सुमारास, कारण त्या वेळी माणसे रानातून परतलेली असत आणि अजून निजलेली नसत. तो चौकात, वेशीत, देवळापुढे, पाणवठ्याजवळ थांबे, कारण तेथे चार माणसे उभी असत. आणि उद्या कोणता साहेब येणार, शेतसारा कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचा, देवीची लस कोठे टोचणार, हे तो गावच्या बोलीत सांगे. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही ते कळे. पुन्हा विचारावयाचे असेल तर कोतवाल गावातलाच होता, त्याचे घर ठाऊक होते. वेळ, जागा, भाषा आणि शंका विचारण्याची सोय या चारही गोष्टी त्या हलक्या समजल्या गेलेल्या चाकरीत सामावलेल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर याच चार गोष्टी रेडिओच्या साह्याने साधता येतील काय, याचा एक गंभीर प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. १९५६ च्या आरंभी, युनेस्कोच्या साह्याने, आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. पुणे केंद्र तेव्हा अवघे अडीच वर्षांचे होते. ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेले. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, सायंकाळी अर्धा तास शेतीचा व ग्रामजीवनाचा कार्यक्रम लागे. मंडळातील वीसएक माणसे रेडिओभोवती जमत, ऐकत, कार्यक्रम संपल्यावर आपसांत चर्चा करीत, आणि मग मंडळाचा चिटणीस त्या चर्चेचा वृत्तान्त व उरलेल्या शंका लिहून केंद्राकडे पाठवी. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्या उपक्रमाचे सूत्र होते. त्याचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवले गेले आणि ते केले पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने. हा मूळचा व्हिएन्नाचा मनुष्य तरुणपणी नाझींच्या छळछावण्यांत दिवस काढून आला होता. सत्ता माणसाशी एकतर्फी बोलू लागली म्हणजे काय होते ते ज्याने अंगावर सोसले, त्यानेच आपल्या खेड्यांतील माणसे सरकारला उलट प्रश्न कसे विचारतात याची मोजदाद करावी, हा योगायोग मला नेहमी हलवून जातो. त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता: ज्या गावांत श्रवणमंडळ होते तेथील लोकांचे ज्ञान, नुसता रेडिओ असलेल्या किंवा रेडिओच नसलेल्या गावांपेक्षा, ठळकपणे वाढलेले दिसले. नुसता रेडिओ पुरत नाही. ऐकल्यावर बोलावयास चार माणसे लागतात, आणि आपला प्रश्न वर जाऊन त्याचे उत्तर खाली येते असा विश्वास लागतो. १९५९ पासून ही योजना देशभर पसरवण्यात आली आणि पुढे, बऱ्याच चांगल्या योजनांप्रमाणे, विरत गेली. न्यूराथ आणि आकाशवाणीचे तत्कालीन प्रमुख जगदीशचंद्र माथुर यांनी या प्रयोगावर लिहिलेला ग्रंथ आज आमच्या माहिती खात्यातील किती अधिकाऱ्यांनी पाहिला असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

*

हवामानाच्या वार्तेचा तर महाराष्ट्राशी जुना घरोबा आहे. भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला आणि त्याचे मुख्य ठाणे १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले, तरी पुण्याचे महत्त्व कमी झाले नाही. शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारी शाखा १९३२ साली येथेच उघडली गेली, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची पत्रके आकाशवाणीवरून प्रादेशिक भाषांत ऐकवली जाऊ लागली. याचा अर्थ असा, की ‘येत्या चोवीस तासांत’ हे शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांतून तीन पिढ्यांनी ऐकले आहेत.

आज हे शास्त्र कोठच्या कोठे गेले आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या साह्याने दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ल्याची पत्रिका निघते. असे एखादे पत्रक समोर घेऊन पाहावे. वर जिल्ह्याचे नाव व दिनांक; खाली पुढील पाच दिवसांचा तक्ता, त्यात पाऊस मिलिमीटरमध्ये, कमाल व किमान तापमान, सकाळची व दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा, आणि आकाशाचा कितवा हिस्सा ढगांनी झाकलेला राहील याचा आकडा. त्याखाली पिकागणिक सल्ला: काढलेले सोयाबीन ताडपत्रीखाली हलवा, दोन दिवस फवारणी थांबवा, कपाशीच्या वाफ्यातून पाणी काढून द्या, शेळ्यामेंढ्या उघड्यावर बांधू नका. हा कागद योग्य दिवशी हातात पडला तर फवारणीचे हजार-दोन हजार रुपये वाचतात आणि कधी सबंध सुगी वाचते. शनिवारी पाऊस पडून गेल्यावर रविवारी तो वाचला, तर तो केवळ कागद. मराठीत लिहिलेले, तालुक्याच्या मातीची जाण असलेले इतके उपयुक्त लेखन सरकारच्या दुसऱ्या कोणत्याही खात्यातून निघत असेल असे मला वाटत नाही. आणि तरी ते भ्रमणध्वनीवरील ‘मेघदूत’ नावाच्या ॲपात, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आणि काही व्हॉट्सॲप समूहांत राहते, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर क्वचितच चढते. तालुका पातळीवर हा सल्ला देता यावा म्हणून देशात १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभारली गेली होती. ती २०२४ च्या आरंभी बंद करण्यात आली. जिल्ह्यात बसून शेतकऱ्याच्या दूरध्वनीला उत्तर देणारा, आपल्या शिवाराची जाण असलेला जो हवामानाचा माणूस नुकता कोठे मिळू लागला होता, तो हाती लागला न लागला तोच गेला. यंत्राने अंदाज तालुक्यापर्यंत बारीक करता येतो हे खरे. परंतु अंदाज ऐकून मनात उठणारी शंका यंत्राला विचारता येत नाही. खर्चाच्या हिशेबात हे नुकसान कोठे मांडले जाते, ते मला कळलेले नाही.

इशाऱ्याची भाषाही समजावून द्यावी लागते. हवामान विभाग आता हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग वापरतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, २०४.४ पर्यंत अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. इकडे महसूल खात्याच्या हिशेबात एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला की अतिवृष्टी झाली असे धरतात आणि पंचनाम्याची चाके हलू लागतात. तेव्हा आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाचा आकडा काय, हे शेतकऱ्याला त्याच दिवशी कळणे ही कुतूहलाची नव्हे, हक्काची बाब आहे. स्वयंचलित हवामान केंद्रे राज्यात आता दोन हजारांच्या वर मंडळांत उभी आहेत. ती आकडे अखंड पाठवतात. ते आकडे जिल्ह्याच्या दप्तरात असतात, विमा कंपनीच्या दप्तरात असतात. ज्याच्या बांधावर तो पाऊस पडला त्याला मात्र ते बहुधा वाद उपस्थित झाल्यावरच पाहावयास मिळतात.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्यास अवघा ७४ च्या आसपास. एकाच शहराच्या दोन टोकांतील हा फरक इतका विलक्षण होता, की दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना उत्तरेकडे काय चालले आहे याची कल्पनाच आली नाही, आणि लोक नेहमीप्रमाणे घरी निघाले. डॉप्लर रडार त्या दिवशी मुंबईत नव्हते. ते पुढे कुलाब्यास आले, नंतर वेरावलीस दुसरे आले, आणि आता येत्या तीन तासांचा अंदाजही मिळू लागला. यंत्रसामग्रीच्या बाबतीत त्या आपत्तीपासून राज्य खरोखर शिकले.

किनाऱ्यावर मात्र फार जुनी एक पद्धत अद्याप लोकांच्या तोंडी आहे. ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. बंदर खात्याच्या खांबावर चढणाऱ्या त्या इशाऱ्याचा अर्थ होडी हाकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतो. परंतु बावटा दिसतो तो किनाऱ्यावर असलेल्याला. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ कोकण किनाऱ्यावरून वर सरकत अलिबाग व मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले, तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या कित्येक नौका आधीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. त्यांतील कितीतरी खलाशी परत आले नाहीत. वेधशाळेने इशारा दिलेला होता. तो बंदरापर्यंत आला आणि तेथून पुढे पाण्यावर जाण्यास त्याला वाट नव्हती. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा चित्र बदललेले होते: वादळाचा मार्ग आधीच सांगितला गेला, गावोगावी माणसे फिरली, किनाऱ्यालगतच्या हजारो लोकांना शाळांत व पक्क्या इमारतींत हलवले गेले, आणि वादळाच्या तीव्रतेच्या मानाने जीवितहानी फार थोडी झाली. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, अंगणवाडीच्या ताई यांनी घरोघर जाऊन हे काम केले, आणि तेही कोरोनाच्या ऐन भयात. यापेक्षा मोठा पुरावा मला ठाऊक नाही, की माणूस जेव्हा वार्ता घेऊन दारात उभा राहतो तेव्हा ती मानली जाते.

त्यानंतरचे दिवस मात्र वेगळे गेले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब आडवे झाले, भ्रमणध्वनीचे मनोरे मुके झाले, आणि कित्येक गावांत ते तसे अनेक दिवस राहिले. पंचनामे कधी होणार, पत्रे कोठे मिळणार, नुकसानीचा दर काय धरणार, हे सारे शासन जाहीर करीत होते आणि ज्यांच्यासाठी जाहीर करीत होते त्यांच्यापर्यंत ते जाण्याचे साधनच वादळाने नेले होते. पोफळीच्या बागा झोपलेल्या, घरावर कौल नाही, आणि सरकारी मदतीची बातमी मुंबईतल्या नातलगाला अगोदर, श्रीवर्धनात शेवटी. एकाच साधनावर सर्व भिस्त ठेवली म्हणजे अशी पाळी येते. याउलट ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा ती बातमी जगाला कळली ती एस. टी.च्या चालकामुळे: सकाळच्या फेरीला गेलेल्या त्या माणसाला जेथे गाव होते तेथे गाव दिसले नाही. दीडशेवर माणसे त्या चिखलाखाली गेली. रोज ठरावीक वेळी त्या रस्त्याने जाणारा सरकारचा एक माणूस होता, म्हणून निदान तितक्या लवकर कळले.

*

आता नोकरीची गोष्ट. १ मे १९६० हा महाराष्ट्राचा जन्मदिवस सर्वांना ठाऊक आहे. त्याच दिवशी देशात आणखी एक गोष्ट अमलात आली, ती म्हणजे रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक करणारा १९५९ चा कायदा. पुढील तीसएक वर्षे मराठी मध्यमवर्गाच्या घरात ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातले का?’ हा प्रश्न मॅट्रिकच्या निकालाइतकाच अपरिहार्य होता. कार्ड मिळे, ते मुदतीत नवे करून घ्यावे लागे, आणि एखाद्या दिवशी पोस्टमन ‘कॉल’ आणून देई. या पद्धतीत दोष होते, वशिल्याच्या तक्रारी होत्या, कॉल न येताच वय उलटून जाण्याचे दुःख होते; परंतु बातमी उमेदवाराला शोधत घरी येई, हे तिचे वैशिष्ट्य होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात असा निर्णय दिला, की केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवणे पुरेसे नाही. वृत्तपत्रांतून जाहिरात द्यावी, कचेरीच्या फलकावर लावावी, आकाशवाणी व दूरदर्शनवरून सांगावी, म्हणजे ज्याचे नाव कार्डावर नाही त्यालाही संधी मिळेल. समान संधीच्या घटनादत्त हक्काचा याहून सरळ अर्थ लावता येणार नाही. न्यायालयाने मार्ग वाढवावयास सांगितले होते. कालांतराने झाले ते उलटेच. कार्यालयाची पाटी बदलून तेथे कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे लांब नाव आले, वृत्तपत्रातली जाहिरात आक्रसून ‘सविस्तर माहितीसाठी संकेतस्थळ पाहा’ एवढ्या चौकटीवर आली, आणि आकाशवाणीवरून रिक्त जागा सांगण्याची चाल लोप पावल्यासारखी झाली. केंद्र सरकारचे रोजगार समाचार हे साप्ताहिक १९७६ पासून इंग्रजी, हिंदी व उर्दूत निघत आले. मराठी तरुणाच्या वाट्याला ते मराठीत कधी आले नाही.

पुण्यात नवी पेठ आणि सदाशिव पेठ या भागांत अभ्यासिकांचे एक स्वतंत्र जग आहे. एका टेबलाला महिना भाडे, डोक्यावर ट्यूबलाइट, समोर भिंतीवर चिकटवलेले वेळापत्रक. बीड, लातूर, नांदेड, यवतमाळकडून आलेली मुले आणि मुली सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी येथे वर्षामागून वर्षे काढतात. खुल्या प्रवर्गाला अडतिसाव्या वर्षी आणि मागासवर्गीयांना त्रेचाळिसाव्या वर्षी दार बंद होते, तेव्हा जाहिरात एक वर्ष पुढे गेली म्हणजे काहींच्या बाबतीत ती कायमची गेली. ११ मार्च २०२१ रोजी, रविवारची परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना, ती पुढे ढकलल्याचे पत्रक राज्य लोकसेवा आयोगाने काढले. साथ चालू होती, कारण नव्हते असे नाही. परंतु गावाकडून निघून परीक्षेच्या शहरात पोहोचलेल्या, पुन्हा खोलीचे भाडे भरून थांबलेल्या मुलांना ते त्या दुपारी कळले, आणि तासाभरात शास्त्री रस्ता भरून गेला. दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही नवी तारीख जाहीर झाली. जी तारीख एका दिवसात ठरवता आली ती पहिल्या पत्रकातच सांगता आली असती, तर ती मुले रस्त्यावर आली नसती. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाची परीक्षा आणि बँकांची परीक्षा एकाच रविवारी आल्या, तेव्हाही आंदोलन झाल्यावरच, परीक्षा तीन दिवसांवर असताना, तारीख बदलली.

या अनिश्चिततेत दुसऱ्या एका धंद्याची भर पडली. अधिकृत वार्ता जेथे उशिरा येते तेथे बनावट वार्ता वेळेवर येते. भरतीच्या खोट्या जाहिराती, खोटे शासन निर्णय, ‘आतल्या गोटातून’ आलेल्या तारखा हजारो मुलांच्या फोनवर रोज फिरतात. यावर एक साधा उपाय शासनाच्याच कागदावर छापलेला असतो आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवावयास हवा. अलीकडच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी त्याचा लांबलचक संकेतांक दिलेला असतो. त्या संकेतांकातील पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस: २०२३०६२६ ने आरंभ होत असेल तर तो २६ जून २०२३ चा. हा संकेतांक राज्याच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या पानात घालून पाहावा. तेथे तोच कागद उघडला तर खरा, नाही तर सोडून द्यावा.

मजुराच्या बाबतीत मुदतीचे मोल याहून कडक आहे. १९७२ च्या दुष्काळातून आणि वि. स. पागे यांच्या चिंतनातून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने तीच हमी देशाला दिली. या दोन्ही कायद्यांचा प्राण एका तारखेत होता: मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. परंतु पंधरा दिवस मोजावयाचे कोठून? अर्ज घेणाऱ्याने दिनांक घालून पोच दिली असेल तर तेथून. पोच नसेल तर दिवसच सुरू होत नाहीत. कागदाचा तो चतकोर मागावयाचा असतो, हे ज्याला ठाऊक नव्हते त्याची हमी पहिल्याच पायरीवर संपली. शेतकऱ्याच्या पीकविम्यातही तसेच: गेली अनेक वर्षे गारपीट झाली, शेतात पाणी साचले, तर ७२ तासांच्या आत कळवणे भाग होते, कोणाला व कसे, हे चौथ्या दिवशी समजलेल्यांची संख्या लहान नाही. २०२३ च्या खरिपात विमा एका रुपयात मिळू लागला आणि २०२५ च्या खरिपात ती सवलत संपली. दोन्ही वेळी अटी फिरल्या, आणि फिरलेल्या अटी बांधापर्यंत पोहोचण्याआधी कित्येकांचे अर्ज जुन्या समजुतीवर भरले गेले.

या सर्वांवर कायद्याने मौन पाळलेले आहे असे कोणी समजू नये. माहितीच्या अधिकाराचा कायदा आपण अर्ज करण्याचा कायदा म्हणून ओळखतो: दहा रुपयांचा मुद्रांक, तीस दिवसांची वाट, मग पहिले अपील. परंतु १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या त्या कायद्याचे चौथे कलम वाचले, तर त्याची खरी अपेक्षा उलट दिसते. लोकांना अर्ज करण्याची गरजच कमीत कमी पडावी अशा रीतीने प्रत्येक कार्यालयाने आपण होऊन, ठरावीक काळाने, माहिती देत राहावी. ती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा साधनाने द्यावी. आणि देणे म्हणजे काय हे सांगताना कायदा सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर पुकारा, प्रसारमाध्यमे आणि इंटरनेट या सर्वांची नावे घेतो. संकेतस्थळ त्या यादीत आहे, परंतु ते एकटे नाही, आणि फलक व पुकारा या जुन्या गोष्टी कायद्याने २००५ साली, संगणकाच्या युगात, विचारपूर्वक तेथे ठेवलेल्या आहेत. तेव्हा तहसील कचेरीतील काचेच्या फलकाला कुलूप आणि आत पिवळा पडलेला गेल्या वर्षीचा जाहीरनामा, हे दृश्य गैरसोयीचे तर आहेच, ते बेकायदाही आहे, असे मी म्हणेन.

उपाय सांगणे सोपे आहे, कारण त्याची सारी सामग्री सरकारपाशी आधीच आहे. ग्रामपंचायत प्रत्येक गावाच्या आवाक्यात आहे, तेथे संगणक चालक आहे, छपाईचे यंत्र आहे, बाहेर फळा आहे, बहुतेक ठिकाणी ध्वनिक्षेपकही आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये गावोगाव आहेत, आणि तेथे सकाळी वर्तमानपत्रासाठी तरुण मुले येतात. आकाशवाणीची केंद्रे अजून बोलत आहेत. मंगळवारी व शुक्रवारी कृषी सल्ल्याचा एक कागद छापून फळ्यावर लावणे, मंडळातील कालच्या पावसाचा आकडा खडूने लिहिणे, चालू भरतीच्या जाहिराती व त्यांच्या अंतिम तारखा वाचनालयात टांगणे, फेरफाराच्या नोटिसा चावडीत लावून त्यांची यादी ध्वनिक्षेपकावरून वाचणे, आणि हे केव्हा केले याचा दिनांक बारनिशीत नोंदवणे, एवढ्या कामाला रोज अर्धा तास पुरेल. ते कोणी तरी एकाने करावयाचे, आणि ते कोणाचे काम आहे हे गावाला नावानिशी ठाऊक असावयाचे. त्याला त्याचे मानधन मिळाले पाहिजे. फुकटच्या चाकरीवर असली कामे फार दिवस टिकत नाहीत.

यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभा हा ठराव स्वतः करू शकते, आणि चौथ्या कलमाचा आधार दिला तर ग्रामसेवकाला तो बाजूला ठेवता येणार नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास रब्बीच्या पेरण्या चालू असतील. अलीकडच्या हंगामांत रब्बी ज्वारीच्या विम्याची मुदत नोव्हेंबरअखेर आणि गहू, हरभरा व कांद्याची डिसेंबरच्या मध्यास संपत आली आहे. यंदाची नेमकी तारीख, हप्ता आणि अर्ज कोठे घेतात, या तीन ओळी आपल्या गावच्या फळ्यावर लागल्या आहेत किंवा नाहीत हे जाऊन पाहावे, नसतील तर ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करावी, आणि दिनांक घातलेली पोच घेतल्याखेरीज तेथून हलू नये.